घाट वगळलेला रस्ता

सुकलालने तीस वर्षं शाहपूरच्या केळीच्या गाड्या भरल्या. पाला अंथरायचा, घड रचायचे, दोर आवळायचा. त्याने भरलेला माल दिल्लीला उतरला तरी केळ्यावर ओरखडा नसे. यंदा मात्र लागोपाठ तीन गाड्यांचा माल काळवंडून पोचला आणि भरण्यातच खोट आहे म्हणत व्यापारी संतोषशेठने त्याला घरी बसवलं. सुकलाल कसला ऐकून घेतोय! भर बाजारात त्याने शेठला खोटारडा म्हटलं, आणि पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर तेच सांगत राहिला.

बापाचं नाव राखायचा विडा त्याच्या मुलीने, तृप्तीने उचलला. ती बुऱ्हाणपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिथे तिने एक यंत्र उभं केलं होतं: सहा पायांवर उभा लोखंडी पाट. प्रत्येक पाय आपापला लांब-आखूड व्हायचा, त्यामुळे पाट वरखाली होई, सरके, हव्या त्या अंगाला झुके. दिल्लीच्या ट्रकमध्ये मोजून आणलेले हादरे तो जसेच्या तसे देई. वाटेतले खराब तुकडे तेवढे निवडले की भरलेला माल दिल्लीपर्यंत टिकेल का, याची दोन तासांत परीक्षा होई.

सुकलालने आपल्या हाताने, गाडी भरावी तसा पाला अंथरून, दोर बांधून, एक मोठा खोका भरला आणि पाटावर चढवला. खोक्याच्या डाव्या अंगाचा दोर ढिला होता. तृप्तीला ते दिसलं. बापाला सांगायची तिची छाती होईना. तिने गुपचूप यंत्रातून असीरगडच्या घाटाचा तुकडा काढून टाकला. चुकीचं होतं, तिलाही ठाऊक होतं.

पाट डुलू लागला. सुकलाल खोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून बसला. उमेदीच्या काळात तो कित्येकदा मालाबरोबर दिल्लीला गेला होता. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले.

"तृप्ती, घाट कुठे गेला?"

"सगळा रस्ता टाकलाय, अप्पा."

"असीरगडला गाडी डाव्या अंगावर जाते. माझी हाडं वळखतात तो घाट. आलाच नाही तो." मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. "पुरा रस्ता चालव, बेटा."

तिने चालवला. पाट डावीकडे झुकला तसा आतला माल सरकल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

दुसऱ्या दिवशी खोका उघडला. उजवीकडची केळी हिरवीगार होती, डावीकडच्या फण्या काळ्या पडल्या होत्या. तृप्तीला रडू आवरेना. सुकलालने आपला डावा हात दोनदा मिटला, उघडला. मग एक काळी फणी गमछ्यात बांधली.

"शाहपूरला सोड मला."

"अप्पा, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत आहे?"

"शेठला बाजारात खोटा म्हटलं ना मी? मग हे बी बाजारातच सांगावं लागल."

भर दुपारी त्याने ती फणी संतोषशेठच्या गादीवर ठेवली. "शेठ, तुमचं खरं होतं. माझ्या डाव्या हातातला जोर गेला." शेठ गडबडून उठला, त्याला हाताला धरून बसवू लागला. सुकलाल बसला नाही. समोरच्या टपरीवरच्यांना नीट ऐकू जावं म्हणून त्याने ते पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.