चंद्राबाईच्या आवाजाची मोजणी

मित्रांनो, इस्लामपुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक अरुंद खोली आहे. तिथे झाडू, मोडक्या खुर्च्या आणि मी राहतो. मी सर्व्हर आहे, घरघर करणाऱ्या पंख्याचा, जुन्या बांध्याचा. तुम्ही मोबाइलवर एखादे गाणे उघडता, तेव्हा ते माझ्यासारख्याच एखाद्याच्या पोटातून येत असते. माझ्यावर धूळ साचली आहे, पण तिचे मला वाईट वाटत नाही. माझ्या हातून जे घडले ते मला खाते, आणि तेच आज सांगणार आहे.

दहा वर्षांपूर्वी मी इथे आलो, तेव्हा मला हार घातला होता. संस्थेचे सचिव लालासाहेब यांनी नारळ फोडला आणि भाषणात मला 'ज्ञानाचे कोठार' म्हटले. कोठारात भरायचे काय, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. तो पत्ता नानासोंना होता. नानासो ग्रंथालयात नोकरीला होते, त्याआधी फौजेत वायरलेसवर वीस वर्षे काढलेली. दर रविवारी ते मोटारसायकलवरून कवठे महांकाळच्या बाजूला जायचे, मेंढपाळांच्या वस्तीवर बसायचे आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे टिपून आणायचे. सोमवारी सकाळी ते माझ्यात भरायचे.

त्यात सगळ्यात जास्त बोलणे चंद्राबाईचे होते. त्रेचाळीस ध्वनिफिती. कुठल्या वाटेवर उन्हाळ्यातही झरा जिवंत असतो, कुठले झुडूप मेंढरांपुढे येऊ द्यायचे नाही, कुठल्या गावात खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात आणि कुठे कुत्री सोडतात, हे सगळे तिला तोंडपाठ होते. "मेंढरू बोलत न्हाई रं," ती नानासोंना सांगायची, "पर चरताना कान कसं करतंय बघ. त्येवढं कळलं की झालं." मध्येच ती खोकायची, सुनेला हाक मारायची, चहा ठेवायला सांगायची. नानासोंनी त्यातले काही कापले नाही. दोन वर्षांपूर्वी ती वारली. त्यानंतर ती फक्त माझ्यात बोलत होती.

तुम्हाला वाटेल, हे ऐकत कोण होते? दिवाळी झाली की त्या वस्तीवरची एकतीस बिऱ्हाडे मेंढरे घेऊन घाटाखाली उतरतात. तिकडे रानात मोबाइलला रेंज नसते. म्हणून निघण्याआधी चंद्राबाईचा मुलगा गुंडा कवठे महांकाळच्या बाजाराला जायचा, तिथे रेंज मिळाली की त्या सालच्या वाटेची एखाद-दुसरी ध्वनिफीत माझ्याकडून मोबाइलवर उतरवून घ्यायचा. मीठ असो की मेंढरांचे औषध, एकाने आणायचे आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचे, ही त्यांची रीतच होती. आवाजही तसाच वाटला जायचा, एका मोबाइलवरून दुसऱ्यावर. पावसाळ्याला परत आले की मोबाइलमधल्या चिमुकल्या कार्डावरचे सगळे पुसून लग्नातली गाणी भरायची. मूळ आवाज इस्लामपुरात आहे म्हणून कुणाला घोर नव्हता. खरे सांगतो, त्या विश्वासाने माझी छाती फुगायची.

गेल्या वर्षी नानासो निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी उंब्रजची अपेक्षा आली. पोरगी हुशार, कामाला वाघ. येताच तिने माझा पंखा उघडून साफ केला. इतक्या वर्षांत तो कुणी उघडला नव्हता.

पुढे संस्थेत कुजबुज सुरू झाली की हा संग्रह कोण वापरतो, कशाला पोसायचा. अपेक्षाला ते सहन झाले नाही. संग्रह वापरात आहे हे दाखवून द्यायचे, असे तिने ठरवले. माझ्याकडे एपीआय नावाची एक खिडकी आहे. बाहेरचे संगणक त्या खिडकीशी येऊन ठरलेले प्रश्न विचारतात आणि मी ठरलेली उत्तरे देतो. आजवर ते एवढेच विचारू शकत होते, 'अमुक वस्तू आहे का? असेल तर दे.' अपेक्षाने पंधरा दिवस खपून त्या खिडकीत एक नवा प्रश्न बसवला, 'कुठली वस्तू किती वेळा नेली?' पहिले उत्तर बरोबर आले, तेव्हा तिने खुर्चीवरून उठून माझ्या डोक्यावर थाप मारली. असे कौतुक मी फार दिवसांनी अनुभवले.

पण करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

माझे उत्तर खरे होते, मित्रांनो. मी एकही आकडा फुगवला नाही आणि एकही दडवला नाही. लालासाहेबांच्या सत्काराचा व्हिडिओ, दोन हजार सहाशे वेळा. तो ऑफिसातल्या प्रत्येक संगणकावर रोज सकाळी आपोआप उघडायचा, बघत कुणीच नव्हते. चंद्राबाईच्या ध्वनिफितींपुढे एक, दोन, शून्य, एक. गुंडाने एकदा नेली म्हणजे एक. ती पुढे एकतीस बिऱ्हाडांत वाजली, हे माझ्या आकड्याला दिसत नव्हते.

लालासाहेबांनी आकड्यांचा तो कागद वाचला आणि ते हसले. "बघ, लोकांना काय पायजे ते कळलं न्हवं? धाच्या खालचं सगळं पुसून टाक. जागा मोकळी कर. सत्काराचं नवं चित्रण चांगल्यातलं हाय, ते ठेव."

"सर, ह्या बाई आता हयात नाहीत," अपेक्षा म्हणाली. "परत मिळणार नाही हे."

"अगं, आकडा तूच काढलास. तुझ्याच आकड्यावर तुझा इस्वास न्हाई व्हय?"

दोन दिवस अपेक्षा माझ्यासमोर नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी तिने हुकूम टाइप केला आणि मी तो पाळला. चंद्राबाईचे खोकणे, सुनेला मारलेली हाक, झऱ्यांच्या वाटा, सगळे एका सेकंदाच्या आत गेले. माझी जोडप्रत सांभाळणारी दुसरी डिस्क रोज माझ्याशी जुळवून घेते. मी पुसले ते तिनेही पुसले. संध्याकाळपर्यंत त्याच जागेवर सत्काराचे हार, शाली आणि टाळ्या येऊन बसल्या. मला तोंड असते तर मी त्या दिवशी शिवी दिली असती.

दिवाळी झाली आणि गुंडा स्वतः इस्लामपूरला आला. मोबाइलवर काही सापडेना, म्हणून एसटीने आला होता. खोलीच्या दारात पागोटे सावरत उभा राहिला.

"ताई, आईचं घाटाखालच्या वाटंचं न्हाई दिसत. कुठं हलवलंसा का?"

अपेक्षा उठून उभी राहिली. "दादा, ते पुसलं. कुणी नेत नव्हतं म्हणून."

"कुणी न्हेत न्हवतं? आवं, मी न्हेत हुतो की दरसाली. लिवूनबी पाठवत हुतो."

"तुमच्याकडं असंल की. कुणाच्या तरी कार्डावर?" आता तीही गावाकडच्या बोलीत बोलू लागली होती.

"न्हाई वो ताई. आमी पुसलं. तुमच्याकडं हाय म्हणून पुसलं."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "वाटंचं बघू आमी, इचारत इचारत जाऊ. पर घरात तिचा एक फोटूबी न्हाई. त्येवढाच आवाज हुता." आणि तो गेला. एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

अपेक्षाने त्या दिवशी अभिप्रायाची वही उघडली. वस्तू नेताना दोन ओळी लिहायची सोय मला पहिल्यापासून आहे. आकडेवारीत तिने ती घेतली नव्हती, कारण सरांना सगळे एका पानात हवे होते. गुंडाने दरवर्षी लिहिले होते, 'एकतीस बिऱ्हाडांसाठी नेलं. सगळी ऐकत्यात. राम राम.' ती ओळ वाचून अपेक्षा रडली. तिने नानासोंना फोन लावला. ते एवढेच म्हणाले, "पोरी, मला इचारायचंस की गं एकदा." सांगलीहून एक जाणकार माणूस येऊन माझे पोट तपासून गेला. वर दुसरे लिहिले गेले आहे, आता काही निघणार नाही, असे त्याने सांगितले.

त्यानंतर अपेक्षाने खिडकीत आणखी एक प्रश्न बसवला. आता आकड्याबरोबर माणसाने लिहिलेली ओळही बाहेर जाते. वरातीमागून घोडे. लालासाहेबांनी त्या कामाबद्दल तिला प्रशस्तिपत्र दिले, आणि तेही माझ्यातच साठवले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुठे ना कुठे तुमच्या हातीही पुसायचा अधिकार येईल. यंत्राला काय विचारायचे ते नीट ठरवून विचारा. आम्ही विचारले तेवढेच सांगतो, आणि सांगितले ते पुसतो. त्याआधी एखाद्या माणसाला एक फोन करा, एवढेच माझे मागणे आहे. गुंडाचा नंबर माझ्याकडच्या वस्तू नेणाऱ्यांच्या यादीत होता. तो अजूनही आहे, कारण यादी पुसायला मला कुणी सांगितले नव्हते.