कॅमेरा उघडला कोणी?

घड्याळजीनं कॅमेरा परत दिला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि वर छाती पुढे काढून म्हणाला, "एकदम नवा करून दिलाय साहेब."

कवळीवाल्यानं तिथंच काउंटरवर कागद सोडला. कॅमेरा चमकत होता, यात वाद नाही. कातडी वेष्टणाला चक्क बुटाचं पॉलिश लावलं होतं. कळ दाबली की झाकण खाली पडतं आणि काळ्या कातडी भात्यासकट भिंग पुढे येतं, असा तो जुना घडीचा कॅमेरा. झाकण पडलं, पण भिंग जागचं हललं नाही. भात्याच्या घड्यांना या भल्या माणसानं काळा ऑइलपेंट फासला होता आणि घड्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या.

"आणि फोकस? त्यासाठी दिला होता ना मी?"

"फोकस म्हणजे काय बघा," घड्याळजी म्हणाला, "जुनी वस्तू आहे. आता शोभेला ठेवा."

तीन महिने. तीन महिने 'उद्या या' ऐकून कवळीवाल्याच्या चपला झिजल्या होत्या, आणि शेवटी हे. त्याला वाटलं, या माणसाच्या मिशीलाही एक हात ऑइलपेंटचा मारावा. पण त्यानं कॅमेरा उचलला आणि तो पायऱ्या उतरला. बोलणार तरी कुठल्या तोंडानं? मूळ दुखणं घड्याळजीनं केलेलं नव्हतंच.

कवळीवाला हे त्याचं टोपणनाव. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवत आणि हा आपल्या खोलीत बसून कवळ्या घडवत असे. बावीस वर्षं हेच काम. केसाएवढा उंचवटा बोटाला कळायचा. त्यामुळे जगातली कुठलीही बारीक वस्तू आपल्याला उघडता येते आणि परत बसवता येते, असा त्याचा ठाम समज होता. हा समजच नडला.

कॅमेरा सासऱ्यांचा. अप्पा एक्क्याऐंशीचे. जन्मभर जमिनीच्या मोजणीत गेलेला माणूस, बायको गेल्यापासून लेकीकडे राहणारा. या कॅमेऱ्यात अंतर आपलं आपण ओळखायचं असतं. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते ठरवायचं, भिंगाभोवतीची कडी त्या आकड्यावर फिरवायची आणि बटण दाबायचं. अप्पांना ते नुसत्या नजरेनं जमायचं. "अकरा फूट," ते म्हणायचे, आणि टेप लावली तर अकरा फूटच निघायचे. जेवायच्या टेबलावरही त्यांची मोजणी चालू असे. "मीठ सव्वादोन फुटांवर आहे, जरा सरकवा जावईबापू."

आठ महिन्यांपूर्वी अप्पा आठवडाभर थोरल्या लेकीकडे गेले होते. कॅमेऱ्याची कडी जड फिरते अशी त्यांची तक्रार असायची. कवळीवाल्याला वाटलं, ते यायच्या आत लोण्यासारखी करून ठेवू, खूश होतील. त्यानं कडीचे तीन इवलेसे स्क्रू सैल केले, पुढची काच आट्यांवरून फिरवत काढली, दगड झालेलं ग्रीस स्पिरिटनं पुसलं, नवं लावलं आणि काच परत फिरवून बसवली. पहिल्याच झटक्यात बसली. तो स्वतःवरच खूश झाला.

त्या आट्या एका जागी सुरू होत नाहीत. त्यांना चार-पाच तोंडं असतात, आणि काच ज्या तोंडातून निघाली त्याच तोंडात परत गेली पाहिजे. नाहीतर कडीवरचा आकडा आणि खरं अंतर जुळत नाही. म्हणून उघडण्याआधी खूण करायची असते. कवळीवाल्यानं खूण केली नव्हती.

अप्पा परत आले, पुढच्या रविवारी त्यांनी बाराच्या बारा फोटो काढले आणि बाराही धूसर आले. अप्पांनी ते पुन्हापुन्हा पाहिले, पाकिटात घातले आणि म्हणाले, "अंदाज गेला माझा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कवळीवाल्याच्या मनानं पळवाट काढली. असेलही अंदाज गेलेला, वय झालं. पुढच्या आठवड्यात त्यानं गुपचूप टेप लावून, मोजून सहा फुटांवर खुर्ची ठेवून फोटो काढून पाहिला. धूसर. आता पळवाटही उरली नाही, आणि बोलायची वेळही टळून गेली होती. रोज सकाळी त्याला वाटे, आज सांगू. रोज संध्याकाळी ते आणखी अवघड झालेलं असे.

इकडे अप्पा मिटत चालले. कॅमेऱ्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. रोज दोन मैल फिरणारा माणूस फाटकापाशी थांबू लागला. समोरून येणारी गाडी किती लांब आहे ते आपल्याला कळत नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. रस्ता ओलांडायचा तर लेकीचा हात. जिना उतरायचा तर पायानं पायरी चाचपायची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे. अप्पा म्हणाले, "ते मला बरं वाटावं म्हणून बोलतात. माझे फोटो मी पाहिलेत."

म्हणून कवळीवाल्याची ही वणवण. कोणीतरी भरवशाचा माणूस मिळावा, त्यानं गुपचूप फोकस जागेवर आणावा, मग अप्पांच्या हातात कॅमेरा देऊन म्हणावं, एक रोल काढून तर बघा. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

भरवशाचा माणूस! मोठ्या दुकानातल्या टाय लावलेल्या इसमानं कॅमेरा हातातसुद्धा न घेता विचारलं होतं, विकणार का, कॅफेवाले सजावटीला घेतात. मग घड्याळजी. त्याच्या तीन महिन्यांत कवळीवाल्यानं आणखी एक शक्कल लढवली होती. तसाच दुसरा कॅमेरा घ्यायचा आणि भिंग बदलून टाकायचं. फोनवर एक विकणारा सापडला. पोतंभर लोकांनी त्याची तारीफ केलेली, 'स्वतः रोल घालून तपासलेला' अशी हमी, शिवाय त्या कॅमेऱ्यानं काढलेला म्हणून एका तळ्याचा सुरेख फोटो. पार्सल आलं. काचेत बुरशीची जाळी, शटर उघडलं ते मिटेचना. तक्रार केली तर उत्तर आलं, पुरातन वस्तू आहे, आहे तशी स्वीकारावी. पुढे त्याच माणसाच्या आणखी चार कॅमेऱ्यांखाली तेच तळं दिसलं तेव्हा कवळीवाला फोनवर इतका ओरडला की साच्यातलं प्लास्टर सांडलं. "जगात खरं बोलणारा एक माणूस उरला नाही!" तो बायकोला म्हणाला. ती भाजी चिरत होती. तिला आतली गोष्ट माहीत नव्हती, म्हणून तिनं मान डोलावली.

शेवटी एका दातांच्या डॉक्टरांनी पत्ता दिला. एक बाई आहेत, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्मभर सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायच्या, आता घरीच जुने कॅमेरे बघतात.

तिसरा मजला, एकच खोली, खिडकीला लागून टेबल. टेबलावर पांढरं फडकं, स्क्रू ठेवायला बाटल्यांची झाकणं. बाई साठीच्या पुढच्या, कपाळावर चढवलेलं भिंग. कवळीवाला बसला आणि त्यानं तक्रारींचं गाठोडंच सोडलं. दुकानदार असा, घड्याळजी तसा, फोनवरचा तर अट्टल लबाड. बाई ऐकत होत्या आणि कॅमेरा फिरवून बघत होत्या.

"भाता नवा घालावा लागेल. तो मी शिवते," त्या म्हणाल्या. मग भिंग डोळ्यावर ओढून त्यांनी कडीकडे पाहिलं. "पुढची काच कोणी उघडली होती?"

"कोणीच नाही," कवळीवाला म्हणाला. "म्हणजे, घड्याळजीनं उघडली असेल."

"घड्याळजीनं रंग फासलाय. त्याचा हात इथंवर आलेला नाही. तो रंग या स्क्रूंच्या खाचेवर उडालाय, आणि खाच त्याआधीच सोलवटलेली आहे. आत ग्रीस नवं. काम हलक्या हाताचं आहे, पण त्या माणसाला कॅमेरा कळत नाही." त्यांनी झाकण मिटलं आणि कॅमेरा त्याच्यापुढे सरकवला. "न्या."

"अहो, पण का?"

"वस्तू एक सांगते आणि माणूस दुसरं सांगतो, तिथं मी हात घालत नाही. उद्या काही बिघडलं की तुम्ही चौथ्या दारात जाऊन माझं नाव घ्याल."

कवळीवाल्याचं डोकं तडकलं. इतके लबाड लोक उजळ माथ्यानं दुकानं चालवतात, आणि ही बाई माझा न्याय करणार! तो उठला, दारापर्यंत गेला. मग तिथंच उभा राहून, जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "मी उघडला. खूण न करता. सासऱ्यांचा आहे. ते समजतायत की त्यांची नजर गेली."

बाईंनी डोळ्यावरचं भिंग परत कपाळावर चढवलं.

"किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"बसा," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी भाता तयार होईल. फोकस लावताना त्यांना घेऊन या. शेवटचं बघणं वापरणाऱ्याचं, ही माझी रीत आहे. मी लावून दिलं की लोक घरी जाऊन म्हणतात, बाईनं चुकीचं लावलं. म्हणून त्यांच्याच डोळ्यांनी लावायचं."

"तुम्हीच लावा ना. त्यांना जिना झेपत नाही."

"मग तळमजल्यावर राहणारा दुसरा कोणी दुरुस्तीवाला बघा," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

तो आठवडा कवळीवाल्यानं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. एका कवळीचे पुढचे दात वाकडे बसले, दुसरीचा साचाच फुटला. त्यानं अप्पांना फक्त एवढंच सांगितलं की कॅमेरा तपासायला दिलाय आणि तुम्हाला बोलावलंय. "माझ्यासाठी कशाला खटपट?" अप्पा म्हणाले, पण धुतलेला सदरा घालून तयार झाले. बसमध्ये तो सांगणार होता. गर्दी होती. जिन्यात सांगणार होता. अप्पांनी त्याचा दंड घट्ट धरला होता आणि ते दर पायरीवर पाय घासून कड शोधत होते. त्या प्रत्येक पायरीला कवळीवाल्याला स्वतःची किळस आली.

बाईंनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर खिडकीत लावून ठेवला होता. नवा भाता, मागचं दार उघडं, फिल्मच्या जागी दुधी काच. त्यांनी अप्पांना स्टूल दिलं आणि कवळीवाल्याकडे पाहिलं. "सांगितलंत?"

"काय सांगायचंय?" अप्पांनी विचारलं.

बसमध्ये आणि जिन्यात कवळीवाला निसटला होता. पण आता मागे बाई आणि पुढे अप्पा, पळायला जागाच नव्हती. "अप्पा, तुमचा अंदाज गेलेला नाही," तो म्हणाला. "तुम्ही ताईंकडे गेला होतात तेव्हा कॅमेरा मी उघडला होता. काच चुकीची बसवली. फोटो माझ्यामुळे धूसर आले. आणि मला ते माहीत होतं."

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बाईंना विचारलं, "काय करायचं असतं?"

"लांबची एक वस्तू धरा. काचेवर उलटी दिसेल. पुढची काच हळूहळू फिरवा. जिथं स्वच्छ दिसेल तिथं थांबा. कडीवरची सगळ्यात लांबची खूण मी तिथं पक्की करते."

अप्पांनी दूरवरची पाण्याची टाकी धरली. टाकीला लोखंडी शिडी होती. बाईंनी दिलेलं भिंग दुधी काचेला लावून ते वाकले आणि एक हात पुढे नेऊन काच फिरवू लागले. पुढे, मागे, परत थोडी पुढे. मग थांबले. "शिडीच्या पायऱ्या दिसतायत. मोजता येतायत. आता बघा."

बाईंनी आपलं भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "मीही इथंच थांबले असते," त्या म्हणाल्या, आणि तिन्ही स्क्रू आवळले.

अप्पांनी खिशातून नवा रोल काढून भरला. तो त्यांनी घरून आणला होता हे कवळीवाल्याला माहीत नव्हतं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून ते कठड्याला हात न लावता जिना उतरले. कवळीवाला मागून, एका पायरीचं अंतर ठेवून.

रस्त्यावर आल्यावर अप्पा थांबले.

"डोळे गेले याचं मला काही नव्हतं," ते म्हणाले. "म्हातारपणी जातात. पण माझी लेक मला हाताला धरून रस्ता ओलांडत होती, आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात. रोज."

"चुकलं अप्पा."

"चूक काच बसवण्यात झाली. त्याला मी चूक म्हणतो." त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. एक ट्रक येत होता. कवळीवाल्याचा हात सवयीनं पुढे गेला आणि अप्पांच्या कोपराला लागला.

"हात काढा," अप्पा म्हणाले.

त्यानं काढला. ट्रक गेला. मागून एक मोटार येत होती. अप्पांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि पाऊल टाकलं. ते न घाबरता, न पळता, एका सरळ रेषेत पलीकडे गेले. मोटार त्यांच्यामागून आरामात निघून गेली. पलीकडच्या कडेला वळून त्यांनी कळ दाबली, भिंग पुढे आलं.

"बत्तीस फूट!" ते तिकडून ओरडले. कडी फिरवली. "हलू नका. हसू तर नकाच."

कवळीवाला दोन्ही हात खाली सोडून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, पण पुसायला हात वर करायची त्याची छाती झाली नाही, आणि पलीकडून अप्पा घाई न करता, मधल्या गाड्या जायची वाट बघत होते.