सिमेंटखालची भिंत

लेकीचा फोन आला तेव्हा तो चिखलात उभा होता. माती, भुसा आणि पाणी पायाने तुडवत होता. "बाबा, आई गेली," ती म्हणाली. "बरं," म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि आणखी चार पावलं तुडवली. मग कळलं. त्यानंतर चिखलातून पाय निघेना. दवाखान्याच्या दारात नर्सने अडवलं, "आजोबा, आधी पाय धुऊन या." त्याने मुकाट्याने धुतले.

त्याचा जन्म गवंडीकामात गेलेला, तोही सिमेंटच्या. मातीच्या घराचा हट्ट बायकोचा. "आयुष्यभर लोकांना सिमेंटच्या तापत्या भट्ट्या बांधून दिल्यात," ती म्हणायची, "आता मला घर बांधा." एका इंजिनिअर बाईंनी नकाशा काढून दिला. पाया खणताना निघालेली माती भिंतींना, खिडक्या पाडलेल्या इमारतींतल्या. भिंती त्याने उभ्या केल्या, मातीचा गिलावा मात्र तिने लावला, थापी न घेता, नुसत्या तळव्याने. पश्चिमेची भिंत झाली आणि तिला ताप आला.

ती गेल्यावर पाऊस लागला. त्या भिंतीच्या पायथ्याशी शिंतोडे उडून थोडा गिलावा ओघळला. तिचा हात वाहून चाललाय असं वाटून त्याचं डोकं फिरलं. त्याने जाळी ठोकली, सिमेंट कालवलं आणि अख्खी भिंत बाहेरून लिंपून टाकली. मातीवर सिमेंट चढवायचं नाही हे बाईंनी बजावलं होतं. त्यालाही ठाऊक होतं. पण हात सिमेंटला सरावलेला, तो थांबला नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत खोलीला कुबट वास सुटला. दार फुगलं, खांदा लावल्याशिवाय उघडेना. खाट त्याने भिंतीपासून ओढून मधोमध घेतली. मेहुणा बघायला आला.

"दाजी, हे घर आहे का माठ?"

"माठातलं पाणी पिता तरी येतं."

"मग चला ना लेकीकडे. चौथा मजला, मोकळी हवा."

"आणि हिला कोणाच्या भरवशावर सोडू?"

मेहुण्याने भिंतीकडे पाहिलं.

बाई आल्या. त्यांनी खोलीतून भिंतीच्या पायथ्याशी बोट दाबलं तर माती लोण्यासारखी दबली.

"ओल आत कोंडलीय. सिमेंट उतरवावंच लागेल."

"त्याबरोबर तिचा गिलावाही येईल."

"येईल."

"आणि नाही उतरवलं तर?"

"भिंत बसेल. तुमच्या अंगावर कोसळली तर तुमच्या लेकीला मी काय तोंड दाखवू?"

तो आठवडाभर नुसता त्या खोलीत बसून राहिला. जेवण गिळायचं, दाराला खांदा द्यायचा, अंगणात जायचं, परत यायचं. शेवटी त्याने छिन्नी उचलली. सिमेंट जाळीसकट सालीसारखं सुटलं आणि पाठीला तिची माती घेऊन आलं. कुठे कुठे माती निसटून सिमेंटवर तिच्या बोटांच्या रेघा उलट्या उमटलेल्या दिसत होत्या. त्याने पाहायचं टाळलं.

"माती खरवडून घ्या," बाई म्हणाल्या. "भिजवली की परत तीच. सिमेंटचं तसं नाही, ते गेलं की गेलं."

त्याने सगळी माती खरवडली, चाळली, भिजवली. पुन्हा लावायला गेला तर थापीखालून घसरून खाली.

"हाताने लावा की," मेहुणा म्हणाला. "ताई कशी लावायची?"

"तिला यायचं."

"ती लावत होती तेव्हा शेजारी उभे होतात, काहीच बघितलं नाही?"

"भिंत सरळ आहे का, तेवढंच बघत होतो."

मेहुणा हसला आणि मग हसायचा थांबला. त्याने बाही सारून एक गोळा भिंतीवर मारला. तोही पडला.

उघड्या भिंतीवर आता बाहेरून ताडपत्री सोडलेली आहे. ताडपत्रीने खिडकीही झाकली, त्यामुळे खोलीत दिवसाही दिवा लागतो. लेक फोनवर रोज विचारते, "बाबा, कधी येताय?" तो म्हणतो, "भिंत झाली की." भिंत वाळली आहे. माती भिजवलेली आहे, सुकू नये म्हणून तो तिच्यावर पाणी मारत असतो. गिलावा लावायचा राहिला आहे.