ला फ्रान्सचे एकच फूल

देव, राजा आणि लेक या तिघांचा मान एकाच फुलाने राखावयाचे ठरविले, म्हणजे गृहस्थाची नीती प्रथम कोणाच्या दारी जाते ते कळून येते. रत्नागिरीचे निवृत्त शिरस्तेदार आप्पा यांच्या घरी त्या श्रावणात हा प्रसंग उभा राहिला, आणि त्याचे ओझे त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या जिवावर पडले.

फूल ला फ्रान्स जातीच्या गुलाबाचे. आप्पांनी पुण्याहून कलम आणवून, अंगणातला जांभा दगड फोडून, खड्ड्यात माती भरून लावलेले. रंग गुलाबी, पण वर चांदीची झाक. पाकळ्या इतक्या दाट की दमट हवेत कळी न उमलता मुठीसारखी मिटूनच कुजे. सुगंध मात्र ओसरीपर्यंत येई. देठ नाजूक, म्हणून उमललेले फूल मान खाली घाली. सारा जन्म कचेरीत काढलेल्या आप्पांना हा दोष न वाटता कुलशील वाटे. मासळीचा वारा लागला तरी स्नान करणाऱ्या या सत्पुरुषाने झाडासाठी हर्ण्याहून मासळीचे खत आणविले आणि गोमूत्र शिंपडून ते पावन केले. पाऊस लागताच मोलकरीण काशीचे इरले झाडावर चढले. काशी भिजली तरी वाळते, असे आप्पांचे शास्त्र.

एवढ्या सेवेने एक कळी उमलू लागली. सावित्री, त्यांची लेक, पहिलटकरीण. आठव्या महिन्यात माहेरी आलेली. तिला अन्नाचा वास सोसवेना. ती म्हणाली, "आई गो, ते फूल उशाशी असलं तर दोन घास जातील."

आनंदीबाईंनी पतीपुढे विषय काढला. "अहो, लेकीचा डोहाळा आहे. मोडू नये म्हणतात."

"अगो, उद्या कचेरीतले साहेब हे फूल पाहायला यायचे आहेत. मग ते देवाला वाहायचं, असा माझा संकल्प. सावित्रीला पुढचं फूल."

"पुढचं कधी?"

"दिवाळीनंतर, उघडीप पडली की."

"तोवर नातवंडाचं बारसंही जेवून होईल."

दुसऱ्या दिवशी ते गोरे साहेब आले. आप्पा फुलाहूनही अधिक वाकले. साहेब दुरूनच पाहून मागे वळू लागले, तोच आनंदीबाई दाराआडून म्हणाल्या, "अहो, साहेबांना सांगावं, वास घेतल्यावाचून या फुलाची ओळख होत नाही."

साहेबांना मराठी कळे. त्यांनी टोपी काढून पाकळ्यांत नाक खुपसले आणि डोळे मिटले. "आमच्या आजीच्या बागेत हेच होते," ते म्हणाले. "आता तिकडे कोणी लावत नाही. जुने झाले." चहा न घेताच ते गेले.

आप्पा फूल खुडून देवघराकडे निघाले. आनंदीबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या.

"हुंगलेलं फूल देवाला? आणि तेही साहेबानं?"

आप्पांनी देवघराकडचे पाऊल मागे घेतले. "मग तू त्यांना वास घ्यायला कशाला सांगितलंस?"

"पाहुण्याचा मान नको का ठेवायला? आपणच तर शिकवलंत."

"आता याचं करायचं काय?"

"देवाला चालत नाही, साहेबाचं पाहून झालं. घरात आणखी कोण उरलंय ते आपणच पाहावं."

आप्पांनी पुष्कळ वेळ शास्त्र आठवून पाहिले. अखेर ते स्वतःच माजघरात गेले आणि फूल लेकीच्या उशाशी ठेवून परतले. त्या संध्याकाळी सावित्रीने मऊ भात खाल्ला, आणखी थोडा मागून घेतला.

त्या लेकीची सुखरूप सुटका होवो, तिच्या मातेची बुद्धी अशीच जागी राहो, आणि आप्पांच्या हातूनही पुन्हा असे पुण्य घडो.