विष पिणारी विहीर

"मैया विष पी गई! बोलो, नर्मदे हर!"

घमापुरच्या आमच्या गल्लीतल्या विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. या विहिरीत नर्मदा मैया उतरली आहे, असं सांगत आलेल्या विषहरण महाराजांनी दोन ग्लास दाखवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हींत जांभळ्या 'विषाचे' थेंब टाकले, रुमाल झाकला आणि लांबलचक भजन लावलं. रुमाल काढला तर नळाचं पाणी गुलाबीच, विहिरीतल्या पाण्याचा मात्र रंग गायब! बायकांनी पदर पसरले.

झालं! त्या दिवसापासून नळाचं पाणी भांडी घासायला अन् विहिरीचं प्यायला. माझी धाकटी जाऊ दीपा पोटुशी होती. सासूबाई तिच्या उशाशी रोज विहिरीचा तांब्या भरून ठेवायच्या.

"आई, तिला नळाचं उकळून द्या," मी म्हटलं.

"काहून? क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते म्हणून मैयापेक्षा मोठी झाली का तू?"

मी आरोग्य केंद्रातून पाणी तपासायची बाटली आणली. विहिरीचं पाणी भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी डांबरासारखं काळं झालं. म्हणजे पाण्यात मैला उतरत होता. विहिरीला खेटून गल्लीची नाली वाहते, आणखी काय होणार! बाटली दाखवली तर दीपाचा नवरा योगेश म्हणतो, "वहिनी, छोड़ो ना. लोक पाहून राहिले."

लोक पाहून राहिले! आग लागो त्या लोकांना. पुढच्या महिन्यात दीपाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्याची कावीळ, गरोदरपणात फार वाईट. योगेश तिच्याजवळ दवाखान्यात बसला, अन् इकडे महाराजांचं पुन्हा भजन!

मी तीन ग्लास घेऊन गर्दीत घुसले. नळाचं पाणी, विहिरीचं पाणी आणि नालीचं. घरून आणलेली जांभळी पूड कालवून तिन्हींत थेंब टाकले.

"अरे, ये तो लाल दवा है!" कोणीतरी ओरडलं. असणारच, पोटॅशियम परमँगनेट. गल्लीतल्या घराघरात पालक याच दवेनं धुतात. महाराजांच्या पितळी वाटीत गेली की तीच विष होते!

नालीचा ग्लास सगळ्यांत आधी फिका पडला, मागोमाग विहिरीचा. नळाचा गुलाबीच राहिला.

"ही दवा घाणीवर खर्च होते," मी सांगितलं. "ज्या पाण्यात रंग जातो, ते पाणी घाण. आता म्हणा, नाली मैया की जय!"

महाराज "कलियुग है, बेटी" पुटपुटत मोटरसायकलवर बसले आणि तिलवाऱ्याच्या घाटाकडे पसार झाले. तेवढ्यात योगेशचा फोन आला.

"वहिनी, दीपा अन् बाळ, दोघंही गेली."

देवाला हात जोडा, माझी ना नाही. पण पाणी पोटात जाण्याआधी तपासा, उकळा, अन् चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? सासूबाई आता रोज पाणी उकळतात. दीपाच्या फोटोपुढेही उकळलेल्याच पाण्याचा पेला ठेवतात.