डोळ्यांच्या उंचीवर

माझा थोरला भाऊ मोठमोठ्या दुकानांत कुठला माल कुठल्या फळीवर ठेवायचा ते ठरवतो. साबण कुठे, बिस्किटं कुठे, महागडं तेल कुठे आणि स्वस्तातलं कुठे. खरंच अशी नोकरी असते, आणि ती तो मन लावून करतो. राहतो विमानाने यावं लागेल इतक्या लांब. मी इथे, आईबरोबर. आईची डावी बाजू गेली त्याला आता दोन वर्षं होतील. डोकं शाबूत आहे, बोलते थोडं पण स्पष्ट, आणि हट्ट तर पूर्वीसारखाच. मी एका दातांच्या दवाखान्यात कामाला होते, ते सोडून घरी बसले. बसले कसली, उभीच आहे.

आईला उचलून उचलून मला हर्निया झाला. सर्जन म्हणाले ऑपरेशन करायलाच हवं, आणि नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही. आमची आई म्हणजे वजनच की. मधे एकदा एक बाई ठेवून पाहिली होती, तर आईने दोन दिवस तोंड मिटून घेतलं. परक्या बाईचा हात अंगाला लागता कामा नये, म्हणाली. बाईच बिचारी कंटाळून गेली. म्हणजे उरला कोण? दादा. मी त्याला फोन करून सरळ सांगितलं की दीड महिना ये, मला पोट शिवून घ्यायचंय. तो म्हणाला, बघतो.

आठवड्याने त्याचा फोन आला, एकदम उत्साहात. त्याने विचार केला होता म्हणे. माझ्या मनात फार साठलंय, ते बाहेर पडायला हवं, तर मी ब्लॉग लिहावा. मांडणीचं सगळं तो बघेल. मी मागितला माणूस, याने पाठवला ब्लॉग!

तेव्हाच फोन आपटायला हवा होता. नाही आपटला, कारण माझ्या डोक्यात एक वेडी आशा शिरली. फोनवर सांगून कळत नाही, तर लिहिलेलं वाचून तरी कळेल. इथे दिवस कसा जातो ते वाचेल आणि निमूट तिकीट काढेल. म्हणून बसले लिहायला, आईची दुपारची झोप सांभाळून.

पण लिहिण्याआधी विभाग हवेत ना! दादाने एक तक्ता करून पाठवला. आहार, औषधं, व्यायाम, घरातले बदल, प्रेरणा. प्रत्येकाच्या पोटात उपविभाग. मी म्हटलं, अरे, अजून एक ओळ लिहिलेली नाही. तो म्हणाला, माल येण्याआधी फळ्या लागतात. मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तेच गुऱ्हाळ. ‘औषधं’ आधी की ‘आहार’ आधी? ‘पाठीच्या जखमा’ औषधांत की वेगळ्या? टॅग म्हणजे काय आणि विभाग म्हणजे काय, यातला फरक त्याने मला एकदा इतका सावकाश समजावला की तेवढ्या वेळात इकडे आईची चादर ओली झाली. मी बदलायला उठले, तर तिकडून विचारतो, कळलं ना नक्की? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज थेट प्रक्षेपणात बघत होते.

तरी लिहिलं. पहिला लेख आईची कूस बदलण्याबद्दल होता. एका हाताने तिच्या खांद्याला रेटा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट दाबून धरायचं, नाहीतर गाठ बाहेर येते. दादाने तो ‘व्यायाम’मध्ये टाकला. वर एक हसऱ्या म्हातारीचा फोटो लावला, कुठून मिळवला देव जाणे.

मग दुसरा लेख लिहिला. आईने चमचा भिरकावला, मी तिच्यावर ओरडले, नको ते बोलले, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. एवढंच. काही शेंडा ना बुडखा, जसं घडलं तसं. पाठवून दिला आणि जीव मुठीत धरून बसले. वाटलं, आता तरी.

दोन दिवस त्याचा फोन नाही. माझी खात्रीच पटली की हा सामान भरतोय.

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर आला, कपाळाला आठ्या. “छोटे, हा लेख कुठेच बसत नाहीये.”

त्याने सगळीकडे बसवून पाहिला होता. ‘आहार’मध्ये टाकावा, तर चमच्यापलीकडे त्यात आहाराचं काही नाही. शेवट बदलला तर ‘प्रेरणा’मध्ये चालेल. म्हणजे शेवटी मी आईला मिठी मारली वगैरे. मी म्हटलं, नव्हती मारली. मग ‘इतर’मध्ये टाकू म्हणाला, अगदी तळाशी. खपणारा माल डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा आणि असला खालच्या फळीवर, कारण लोक सहसा वाकत नाहीत.

“मी वाकते,” मी म्हटलं. “किती वेळा, ते येऊन बघ.”

तो म्हणाला, तू चिडू नकोस, आधी हा ढाचा एकदा पक्का होऊ दे, मग येण्याचं बोलू.

ढाचा काही पक्का होईना. दर वेळी याचं घोडं कुठेतरी अडायचंच. मधे मी सर्जनना दाखवून आले. त्यांनी या वेळी आवाज चढवला. आतडं अडकलं तर धावपळ होईल, मग तारीख बिरीख काही नाही, सरळ टेबलावर. हे मी दादाला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा चेहरा खरोखर उतरला. बापरे, म्हणाला. मग थोडा वेळ खाली मान घालून काहीतरी टाइप करत राहिला. मला वाटलं विमानाची वेळ बघतोय.

म्हणाला, बघ, नवीन विभाग केला. ‘काळजी घेणाऱ्याचं आरोग्य’.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण समोर आई होती, तिच्या घशात औषध उतरायचं होतं, म्हणून गप्प राहिले. तिच्यासमोर त्याला काही बोललं की तिला सहन होत नाही. त्याला कामं असतात गं, हे तिचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षं मी ते ऐकतेय. येईल बघ, सुट्टी मिळाली की येईल. खिडकीकडे तोंड करून झोपवायला सांगते, कारण तिथून फाटक दिसतं.

शेवटी ब्लॉग उघडला. दादा अगदी नवीन दुकान थाटल्यासारखा खूष. संध्याकाळी फोन लावला, आईलाही दाखव म्हणाला. मी तिच्या पाठीला उशा लावल्या, फोन तिच्या मांडीवर टेकवला. त्याने एकेक विभाग उघडून दाखवला आणि मग ‘आमच्याबद्दल’ हे पान मोठ्याने वाचून दाखवलं.

“आम्ही दोघं भावंडं मिळून आमच्या आईची काळजी घेतो.”

पुढचं मी ऐकलंच नाही. फोन उचलला आणि तोंडाला येईल ते बोलले. दोघं? कुठले दोघं? डायपर तू बदलतोस? रात्री तू उठतोस? तुला आईचं डावं कोपर कसं धरायचं ते तरी माहीत आहे का? अरे, दोन वर्षांत एकदा आलास, तेही इथे कुणाच्या तरी लग्नाला आला होतास म्हणून, आणि उंबऱ्यावरूनच म्हणालास की घराला रंग द्यायला हवा. माझं पोट फाटायला आलंय आणि तू मला कप्पे लावून देतोस!

मी आईकडे पाहिलं, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती चादरीवरची सुरकुती उजव्या हाताने सारखी करत राहिली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. फोन बंद केला, तिला घास भरवले.

सकाळी पाहिलं तर पान बदललं होतं. दादाने ते वाक्य खोडून दोन नवी घातली होती: ‘आईची काळजी तिची मुलगी घेते. या ब्लॉगची मांडणी तिच्या मुलाने केली आहे.’

बाकी काही नाही. फोन नाही, निरोप नाही, तिकीट नाही. दोन्ही वाक्यं खरी होती, पानावर नीट बसत होती, आणि त्याच्या दृष्टीने चूक सुधारली होती. मला हसू आलं. आवरेना, पोट गच्च धरून हसत सुटले, मग गाठ दुखायला लागली आणि तशीच आईच्या पलंगाच्या कडेवर टेकले.

आईने काय झालं विचारलं. मी ती दोन वाक्यं वाचून दाखवली. तिने पुन्हा वाच म्हणून सांगितलं. वाचली.

ती म्हणाली, “तो येणार नाही गं. तू तारीख घे. आणि बाई बघ एखादी.”

मी म्हटलं, परक्या बाईचा हात चालेल तुला? चालवून घेईन, म्हणाली. तोंड उघडेन, त्रास देणार नाही.

मी उठून सर्जनच्या दवाखान्याचा नंबर लावू लागले, तर तिने माझा पदर धरला. त्या एका हाताला अजून चांगली पकड आहे.

“बाई मीच ठेवायला सांगितली, हे त्याला कळू देऊ नकोस,” ती म्हणाली. “वाईट वाटेल त्याला.”