न खाल्लेला हत्ती

दुलीचंद टेंभरे सर शिकवायचे ते रागावूनच. २०११ साली आमगावची रविता पटले त्यांच्याकडे बुद्धिबळ शिकायला सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायची. पट मांडलेला असे, पण मोहऱ्यांना हात लावायचा नाही. समोरच्याची सगळी उत्तरं मनात मोजून वहीत लिहायची. एखादी चाल सुटली की सर वही भिरकावून देत.

"डोस्क्यात भुसा भरला काय? समोरचा का तुह्या मर्जीनं खेळन?"

रविताला त्यांची चीड यायची. पण अर्धवट मोजणीपायी तिनं जिंकत आलेले तीन डाव घालवले होते, आणि तिला दुसरं शिकवणारं कोणी माहीत नव्हतं.

एका सकाळी सरांनी स्वतःचा डाव मांडला. त्याच डावानं ते एका स्पर्धेचे विजेते ठरले होते. पेपरातलं कात्रण भिंतीवर फ्रेममध्ये होतं.

"हत्तीनं प्यादं मारलो. काळ्यानं हत्ती खाल्ला, आन् चार चालींत मात. लिही पुरा."

पाऊण तासानं रविता म्हणाली, "सर, त्यानं हत्ती खाल्लाच नाही तं?"

"कायले नाही खाणार?"

"आधी घोड्यानं शह देते. राजा हलला का तुमचा वजीर जाते. डाव तुम्ही हारता."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, प्रेमिलाबाई, दारातच थबकल्या. सरांचा हात घोड्यापर्यंत गेला आणि मागे आला.

"समोरच्याले दिसलं नाही ना? मंग?"

"तुम्हाले तरी दिसलं होतं का?"

पट जमिनीवर आदळला. "निकल! मलेच शिकवून राहिली! ते पान फाडून ठेव इथं."

"नाही फाडत."

वही घेऊन ती निघाली. मागे सर प्रेमिलाबाईंवर ओरडत होते.

पाच महिने ती घरीच बसून मोजत राहिली. चाल सुटली की सरांची शिवी कानात वाजायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून लिहायची.

जानेवारीत तिरोड्याच्या स्पर्धेत चौथ्या फेरीत समोर खेळायला सरच आले. एकतिसाव्या चालीला त्यांनी एक प्यादं फुकट सोडलं. रवितानं बावीस मिनिटं मोजलं, त्यांचं एकेक उत्तर तपासलं आणि प्यादं खाल्लं. आता डाव वाचत नाही हे पाहून सरांनी घड्याळ थांबवलं आणि चालींच्या कागदावर सही करून हार मानली. हात मिळवला नाही. आयोजकांना मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हे पोरगी माह्यापाशी कधीच शिकली नाही."

 रवितानं बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. राग काही उतरला नाही. तशीच ती पुढच्या फेरीची यादी बघायला गेली.